सबबींची देवघेव

सूचीकार तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसून पुस्तक वाचत होते, ही गोष्ट खरी होती. पण ते वाचायला बसले नव्हते. बसल्यावर वाचायला लागले होते. हा फरक ग्रंथालयाच्या डॉक्टरांच्या नेमका लक्षात आला आणि तिथून सगळं सुरू झालं.

ग्रंथालयाच्या चौथ्या मजल्यावर जुन्या पुस्तकांचं एक दालन होतं. ही पुस्तकं कुणी मागत नसे. सूचीकार एकोणीस वर्षं तिथे एकटे बसून एकेक पुस्तक उघडत आणि त्याचं कार्ड लिहीत. नाव, लेखक, पानं किती, विषय कोणता, आणि खाली कोपऱ्यात मुंगीएवढी सही. आता दोनच कपाटं उरली होती आणि निवृत्तीला दोन वर्षं. म्हणजे वर्षाला एक कपाट, असं सगळं अगदी बेतशीर बसत होतं. अडचण एकच होती. इमारत लिफ्टचा शोध लागण्याआधीची होती आणि चौथ्या मजल्यापर्यंत शहाण्णव पायऱ्या होत्या.

त्या दिवशी दहा-बारा पुस्तकं छातीशी धरून चढताना तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पायांतलं बळच गेलं. ते खाली बसले. हातात पुस्तकं होतीच, म्हणून त्यांनी वरचं उघडलं. पाऊण तासाने झाडणाऱ्या बाई आल्या तेव्हा सूचीकार बाविसाव्या पानावर होते आणि त्यांचे ओठ त्या पानापेक्षा पांढरे होते.

डॉक्टरांनी तपासून अहवाल दिला आणि चार दिवसांनी संचालकांच्या सहीचं पत्र आलं. चौथ्या मजल्यावर काम करणाऱ्याने आठ किलोचं खोकं घेऊन, न थांबता, चार मिनिटांत वर चढून दाखवावं. मुदत दहा आठवडे. न जमल्यास त्याची बदली तळमजल्यावर वर्तमानपत्रांच्या टेबलाशी आणि चौथ्या मजल्याला कुलूप.

"कुलूप कशाला पण?" सूचीकारांनी संचालकांना विचारलं.

"तुमच्या जागी वर जायला कुणी तयारच नाही हो," संचालक म्हणाले. "मी सगळ्यांना विचारून पाहिलं."

वर्तमानपत्रांच्या टेबलाशी काय चालतं ते सूचीकारांना माहीत होतं. तिथे लोक पेन मागतात, कोडं अर्धवट सोडवतात आणि दुसऱ्याने अर्धवट सोडवलेल्या कोड्यावरून भांडतात. पण खरा घाव तो नव्हता. दोन कपाटांतली सातशे पुस्तकं कार्डाशिवाय कुलपात जाणार होती. ज्या पुस्तकाचं कार्ड नाही ते पुस्तक असून नसल्यासारखं. सूचीकारांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्यांच्या बायकोला मात्र गेलं. ती तीस वर्षं कोर्टात टंकलेखिका होती. साक्षीदारांची खरी-खोटी बोलणी टाइप करून करून तिचा चेहरा असा झाला होता की तिच्यासमोर उगाच खोकायचीही भीती वाटे. तिने पत्र वाचलं, घडी घातली, चष्म्याच्या घरात ठेवलं आणि म्हणाली, "दोन गल्ल्या सोडून चपलांच्या दुकानावर जिम आहे. तुमचं नाव घालून आले. उद्या सकाळी साडेसहा."

"अगं, उद्या?"

"उद्या."

दुसऱ्या दिवशी सूचीकारांची कंबर धरली. तिसऱ्या दिवशी झोप पुरी झाली नव्हती. चौथ्या दिवशी झोप पुरी झाली होती, पण ती इतकी चांगली झाली होती की लगेच उठून तिचा अपमान करणं त्यांना बरं वाटेना. पाचव्या दिवशी योग्य बूट नव्हते. बायकोने बूट आणले. सहाव्या दिवशी बूट नवे होते. नवे बूट आधी घरात घालून मऊ करावे लागतात. ते दिवसभर बूट घालून आरामखुर्चीत वाचत बसले. सातव्या दिवशी पुन्हा कंबर.

"अहो," बायको म्हणाली, "ही कंबर तुमची मंगळवारी दुखून झाली."

"ती डावीकडून. ही उजवीकडून."

"मंगळवारीही उजवीकडूनच होती. मी ऐकलंय. माझ्या कानांवरून आजवर एक शब्द निसटलेला नाही, ठाऊक आहे ना?"

"लिहून थोडंच ठेवलंयस?"

"मग तुम्ही ठेवा की! आयुष्यभर दुसरं केलंत काय?"

ती चिडून बोलली होती, पण सूचीकारांचे डोळे लकाकले. कोरी कार्डं घरात होतीच. त्यांनी टेबलाशी बसून आजवरच्या सगळ्या सबबी कार्डांवर उतरवल्या, अक्षरानुक्रमे लावल्या, "कंबर"खाली "पाहा: पाठ" अशी टीप दिली आणि एका बुटांच्या खोक्यात उभ्या रचल्या. बायको मागे उभी राहून बघत होती. तिला हसू आवरेना, पण आवरलं.

"तुमच्या ग्रंथालयात एकाच पुस्तकाची दुसरी प्रत घेतात का?" तिने अगदी सहज विचारलं.

"छे! एकदा दाखल झालं की झालं."

"मग सबबही एकदाच. एकदा कार्ड झालं की ती पुन्हा द्यायची नाही."

सूचीकारांनी विचार केला. जगात सबबी काही कमी नाहीत. त्यांनी खुशाल मान डोलावली.

"आणि तुमचा तो दुसरा नियम?"

"कुठला?"

"पुस्तक हातात घेऊन उघडल्याशिवाय कार्ड लिहायचं नाही. सांगोवांगीवर नोंद नाही. हे मी तुमच्या तोंडून लग्नापासून ऐकतेय."

"तो पुस्तकांचा नियम आहे गं."

"म्हणजे सबबींची कार्डं सांगोवांगीवर? तुमच्या सहीने?"

इथे सूचीकार अडकले. कोपऱ्यातली ती मुंगीएवढी सही त्यांचा जीव की प्राण होती. तिच्यावर कुणी बोट दाखवलेलं त्यांना खपलं नसतं, मग ते बोट बायकोचं का असेना.

पुढची सबब त्यांच्याकडे तयार होती: जिममध्ये फार गर्दी असते. पण खात्री करायची तर बघायला हवं. म्हणून आठव्या दिवशी सकाळी साडेसहाला सूचीकार आपल्या पायांनी जिममध्ये गेले, फक्त गर्दी मोजायला.

चपलांच्या दुकानाच्या बाजूने अरुंद जिना होता. वर लांबट खोली, एका भिंतीला आरसे, रबराचा आणि घामाचा वास, आणि लोखंड लोखंडावर आपटल्याचे आवाज. सूचीकारांनी दारातूनच मोजलं. पाच माणसं. त्यातला एक जण चटईवर आडवा पडून घोरत होता, त्याला धरावं की नाही असा प्रश्न पडला. त्यांनी लिहिलं: "गर्दी. प्रत्यक्ष मोजणी: साडेचार. सबब टिकत नाही."

"काका, या ना आत!" ट्रेनर ओरडली. पस्तिशीची बाई, खांदे कपाटाएवढे, आवाज त्याहून मोठा. पूर्वी ती वजनं उचलण्याच्या स्पर्धांत उतरायची. "दारात उभं राहून व्यायाम होत नाही."

"मी व्यायामाला नाही आलो," सूचीकार घाईने म्हणाले. "पाहणीला आलोय."

"कशाच्या?"

हे त्यांना नीट सांगता आलं नाही. नव्या माणसासमोर त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. त्यांनी कार्डच तिच्यापुढे केलं. तिने वाचलं, उलटून पाहिलं, पुन्हा वाचलं.

"बरं. आता कोणत्या सबबीची पाहणी करायची?"

"सायकलचं आसन टोचतं म्हणतात."

"बसा मग. पण दोन मिनिटांत काही कळायचं नाही हं. दहा तरी हवीत. तीही पाय मारत. नुसतं बसलं तर ती खुर्चीची पाहणी झाली."

मुद्दा बिनतोड होता. सूचीकार सायकलवर चढले. अर्धवट पाहणी नको म्हणून त्यांनी बारा मिनिटं पाय मारले, घामाघूम झाले, उतरताना दांड्याला धरून उभे राहिले आणि थरथरत्या अक्षरात लिहिलं: "आसन टोचतं, पण आठव्या मिनिटापर्यंतच. नंतर बाकीचं सगळं इतकं दुखतं की आसनाकडे लक्ष राहत नाही. सबब अपुरी."

ट्रेनरने ते वाचलं आणि ती इतकी हसली की घोरणारा उठून बसला.

मग रोजच पाहण्या सुरू झाल्या. माझ्या वयाचं तिथे कुणी नसतं? पाहणीत दोघे सापडले, त्यातल्या आजी त्यांच्याहून सात वर्षांनी मोठ्या होत्या आणि दोरीवरच्या उड्या मारत होत्या. आरशात लोक आपल्याकडे बघतात? सूचीकारांनी वीस मिनिटं डंबेल हातात घेऊन आरशातून सगळ्यांकडे बघितलं. लोक आरशात स्वतःकडेच बघत होते. त्यांच्याकडे फक्त एकच माणूस बघत होता आणि तो म्हणजे ते स्वतः. वेळ मिळत नाही? बायकोने त्यांच्या एका दिवसाचं टिपण काढून समोर ठेवलं, मिनिटागणिक. त्यात "खिडकीतून बघणे" ह्या कामाला एक तास दहा मिनिटं लागत होती.

"एवढा वेळ?" ते ओशाळले.

"त्यात पडदा सरकवायचा वेळ धरलेला नाही," बायको म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात एक नवल झालं. सूचीकार पायऱ्या चढण्याच्या यंत्रावर धापा टाकत होते, एवढ्यात शेजारी बेकरीवाला येऊन उभा राहिला. हा गडी गोलमटोल, केसांत कायम थोडं पीठ. बायकोच्या धाकाने नाव घातलं होतं, पण आठवड्यातून एकदाच उगवायचा. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "काका, तुमच्याकडे गुरुवारची एखादी सबब असेल का हो? माझ्या संपल्या. आमच्या हिला सगळ्या पाठ झाल्यात. मी तोंड उघडायच्या आत ती वाक्य पुरं करते."

सूचीकारांनी यंत्र थांबवलं. छातीत काहीतरी धडधडलं, आणि ते व्यायामामुळे नव्हतं. एकोणीस वर्षांत चौथ्या मजल्यावर एकही वाचक आला नव्हता. त्यांनी लिहिलेलं कार्ड हातात धरून "हे मला द्या" असं आजवर त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. आणि हा पीठवाला माणूस त्यांच्यापुढे अजिजीने उभा होता.

"आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "पण नियम आहेत."

"असू दे ना!"

"एका वेळी एकच. मुदत सात दिवस. परत करायला स्वतः यायचं, दुसऱ्याच्या हाती पाठवायची नाही. आणि परत करताना ती वापरल्यावर काय झालं ते कार्डाच्या मागे लिहायचं."

"एवढंच?"

"आणि तुमच्याकडे असेपर्यंत ती इतर कुणालाही वापरता येणार नाही."

बेकरीवाल्याने "गुडघा" नेला. सातव्या दिवशी तो इमानेइतबारे परत घेऊन आला. मागे लिहिलं होतं: "हिने गुडघा दाबून पाहिला. दुसरा दाबला असता तर वाचलो असतो." दुसरी सबब मिळेपर्यंत थांबायचं म्हणून तो चालण्याच्या पट्ट्यावर चढला आणि बोलता बोलता तीन किलोमीटर चालला.

बातमी फुटली. शिंपीणबाई आल्या, त्यांना कंबर हवी होती. "दिवसभर शिलाई करते, मला शोभून दिसेल," म्हणाल्या. घोरणाऱ्याने "झोप पुरी झाली नाही" मागितली. ती सगळ्यांनाच हवी होती, म्हणून तिला रांग लावावी लागली. दंतवैद्य आले ते म्हणाले, "माझे रोगी मला रोज नव्या सबबी सांगतात, पण त्या सगळ्या दातांच्या. मला अंगाची द्या." सूचीकार नोंदवहीत नाव लिहीत, तारखेचा शिक्का मारत (शिक्का त्यांनी घरून आणला होता) आणि हलक्या आवाजात सल्ला देत, "ही नका नेऊ, 'पाहुणे येणार आहेत' ही फार मळलेली आहे. तुमच्यासाठी 'शेजाऱ्याचं कुत्रं' चांगलं राहील."

ट्रेनरच्या हे लक्षात आलं तेव्हा तिचा पारा चढला.

"काका! माझ्याच जिममध्ये बसून घरी राहायची कारणं वाटताय?"

कुणी आवाज चढवला की सूचीकारांना आधी आपलीच चूक असणार असं वाटायचं. "बंद करतो," ते पुटपुटले. "माफ करा. आजच बंद करतो."

"थांबा जरा." तिने हजेरीची वही काढली. बोट खाली सरकवत गेली. भुवया वर वर गेल्या. "मागच्या महिन्यात बेकरीवाले चार दिवस आले होते. ह्या महिन्यात अठरा?"

"सबब परत करायला यावं लागतं ना," बेकरीवाला मध्येच म्हणाला. "आणि दुसऱ्याची परत आली का बघायलाही यावं लागतं. नाहीतर चांगल्या चांगल्या शिंपीणबाई उचलतात."

"मी कुठे उचलते? तुम्हीच सर्दी दोनदा मुदत वाढवून घेतलीत!"

"ती खरी सर्दी होती!"

"खरी असेल तर सबब कशाला नेली? ज्याला सर्दीच नाही त्याच्यासाठी ठेवायची!"

ट्रेनरने टॉवेलांच्या फळीचा एक कप्पा रिकामा केला आणि सूचीकारांचं बुटांचं खोकं उचलून तिथे ठेवलं.

सातव्या आठवड्यातली ती सकाळ सूचीकार जन्मभर विसरणार नाहीत. बाहेर दाट धुकं होतं. पांघरुणात असं ऊबदार होतं की पायाचं एक बोट बाहेर काढलं तरी ते आपोआप आत येत होतं. आदल्या दिवशी ट्रेनरने खोकं धरून चढ-उतार करवले होते आणि मांड्यांची लाकडं झाली होती.

"अगं," ते पांघरुणातूनच म्हणाले, "आज गुडघा..."

बायको नोंदवही घेऊन खुर्चीत बसली होती. चष्मा नाकावर. "एकदा दिलेली पुन्हा नाही, हा नियम सोडला तरी गुडघा बेकरीवाल्याकडे आहे. शुक्रवारपर्यंत."

"मग कंबर."

"शिंपीणबाईंनी कालच नेली."

"झोप?"

"तिला तीन जणांची रांग आहे. तुमचा नंबर चौथा."

"सर्दी तरी..."

"बेकरीवाल्याकडून सुटली ती दंतवैद्यांनी नेली."

सूचीकार उठून बसले. "अगं, पण गुडघा माझा आहे! स्वतःचा! दुखतोय!"

"दुखत असेल. पण तो बाहेर गेलाय. तुमचाच नियम आहे, एकाने नेलेली वस्तू दुसऱ्याला नाही. सही कुणाची आहे बघा इथे."

सही मुंगीएवढी, पण त्यांचीच होती.

"एकही नाही शिल्लक?" त्यांच्या आवाजात खरीखुरी कळकळ होती.

बायकोने पान उलटलं. "एक आहे. 'जिमला आग लागली.' तिची अजून पाहणी व्हायचीय."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग सूचीकारांना हसू फुटलं. बायकोला फुटलं. तीस वर्षं कोर्टात न हसलेली ती बाई खुर्चीतून घसरली. त्यांनी तिला उठवलं, आणि उभे राहिलेच होते म्हणून बूट घातले. आग लागली का हे बघायला ते धुक्यातून जिमला गेले. लागली नव्हती. तसं त्यांनी लिहून ठेवलं.

पण सगळंच काही हसण्यावारी नव्हतं. आठव्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी ग्रंथालय बंद झाल्यावर कुणाला न सांगता खरा जिना चढून पाहिला. बहात्तर पायऱ्या नीट गेल्या. तिसऱ्या मजल्यावर छाती भरून आली आणि ते थांबले. कठड्याला धरून उभे राहिले. वर चोवीस पायऱ्या होत्या आणि त्यांच्या टोकाशी तो बंद दरवाजा. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि परत खाली उतरले.

घरी आल्यावर बराच वेळ ते कोरं कार्ड पुढे घेऊन बसले. बायको शेंगा सोलत होती.

"काय लिहिताय?"

"काही नाही." मग पेन खाली ठेवून म्हणाले, "इतके दिवस जायचं टाळत होतो ना, ते कंबरेमुळे नव्हतं. न करता नापास झालो असतो तर म्हणता आलं असतं, केलं असतं तर जमलं असतं. आता सगळं करतोय. आणि तरी नाही जमलं तर?"

बायकोने शेंगा बाजूला ठेवल्या. साक्षीदार खरं बोलला की टाइप करणारी बाई क्षणभर थांबते, तशी थांबली.

"ह्याचं कार्ड करणार?"

"नको. ही सबब कुणाला द्यायची नाही."

"बरं. मग ही बरोबर घेऊन चढा. ती काही खोक्यात मावणारी नाही, तेव्हा तिला कुणी वजनात धरणार नाही."

आणि तिने उरलेल्या शेंगा त्यांच्यापुढे सरकवल्या. रिकामं बसलेलं तिला कधीच आवडत नसे.

पुढचे दोन आठवडे ट्रेनरने त्यांना लाकडी चौथऱ्यावर शहाण्णव वेळा चढवलं, उतरवलं, खोकं घेऊन, खोक्याशिवाय, बोलत, न बोलता. बेकरीवाला शेजारी मोजत उभा राहायचा आणि मध्येच चुकायचा.

"एकोणसाठ, साठ, एकावन्न..."

"अहो, साठनंतर एकावन्न?"

"काका, तुमच्याच भल्यासाठी. दहा जादा होतील."

परीक्षेचा दिवस आला. संचालक हातात घड्याळ घेऊन जिन्याच्या तळाशी उभे होते. पत्रात लिहिल्याप्रमाणे त्यांना मागोमाग चढायचं होतं आणि चौथ्या मजल्यावर समक्ष सही करायची होती. खोकं भांडारातल्या कारकुनाने भरलं होतं. तराजूवर ते बरोबर आठ किलो भरलं.

"तयार?"

"तयार."

घड्याळ टिकटिकलं आणि ते निघाले. पहिला मजला कळलाच नाही. दुसऱ्या मजल्यावर श्वास मोठा झाला, पण ट्रेनरने शिकवलं होतं तसा त्यांनी तो पायांशी जुळवून घेतला. आणि मग दुसरा मजला ओलांडताना त्यांची नजर खोक्यात गेली.

सगळ्यात वरच्या पुस्तकाच्या पाठीवर क्रमांक नव्हता.

क्रमांक नाही, म्हणजे कार्ड नाही. हे पुस्तक त्यांच्या नजरेतून सुटलं होतं! पुठ्ठा हिरवा, कडा वाळवीने खाल्लेल्या, सोनेरी अक्षरांतलं अर्धं नाव पुसलेलं. उरलेल्या अर्ध्यात "...ची निगा" एवढं वाचता येत होतं. कशाची निगा? बागेची? बागेची असेल तर शेतीत जाईल. घोड्यांची? घोडे पशुवैद्यकात. दातांची असेल तर आरोग्यात. त्यांनी मान तिरकी केली. पुसलेल्या भागात एक काना दिसल्यासारखा वाटला. घोड्यांना काना आहे. बागेलाही आहे. दातांनाही आहे, काय पंचाईत! ते उघडून बघण्यासाठी त्यांचे हात शिवशिवत होते, पण हात खोक्याखाली अडकले होते आणि खोकं खाली ठेवायची परवानगी नव्हती. उघडायचं तर टेबल हवं. टेबल वर होतं. ते भराभर चढू लागले. छत्रीही असू शकेल, छत्रीत काना नाही. वाद्यांची? वाद्यांना आहे! वाद्यांची असेल तर...

त्यांचा खांदा दरवाजाला आपटला. चौथा मजला आला होता. तिसरा कधी गेला हे त्यांना आजही सांगता येत नाही.

"पोचलो!" ते ओरडले.

बऱ्याच खालून एक क्षीण आवाज आला. "खरंच पोचलात का हो?"

"हो सर! तुम्ही कुठे आहात?"

"तिसऱ्या... मजल्यावर... बसलोय." धापांमधून संचालकांचा आवाज येत होता. "घड्याळ दाबलं मी... तुम्ही ओरडलात तेव्हा. तीन मिनिटं... एकोणचाळीस सेकंद."

सूचीकारांनी खोकं दारापाशी ठेवलं आणि खाली मान घालून हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, सही चौथ्या मजल्यावरच व्हायला हवी. ते चोवीस पायऱ्या उतरले. संचालक कठड्याला टेकून बसले होते, टाय खांद्यावर गेला होता, चेहरा बिटासारखा.

"चला सर. हात द्या."

"नको नको. इथेच सही करतो. कुणाला कळणार आहे?"

"पत्रात 'समक्ष, चौथ्या मजल्यावर' लिहिलंय."

"कुणी लिहिलं ते?"

"तुम्ही, सर."

दर चार पायऱ्यांना थांबत दोघं वर आले. सूचीकारांनी दरवाजा उघडला. संचालक आत येऊन स्टुलावर कोसळले. श्वास ठिकाणावर आल्यावर त्यांनी भोवती बघितलं: खिडक्यांतून आडवं येणारं ऊन, भिंतभर कार्डांचे खण, प्रत्येक खणावर बारीक अक्षरातली चिठ्ठी.

"मी सहा वर्षं इथे संचालक आहे," ते हळूच म्हणाले. "हे मी कधी पाहिलंच नव्हतं."

"वेळ मिळाला नसेल, सर," सूचीकार सभ्यपणे म्हणाले.

संचालकांनी गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. सूचीकारांनी ती वाचली, फुंकून वाळवली आणि खणात ठेवली. मग ते हिरवं पुस्तक टेबलावर उघडून पाहिलं: निगा दातांची निघाली. सातशे पुस्तकं कुलपातून वाचली. त्यांना एकदम मोकळं मोकळं वाटलं, इतकं की काय करावं कळेना.

आणि मग संचालकांनी जिन्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. "आता खाली उतरायचं?"

"बसा ना थोडं."

"अहो, पण अकराला माझी बैठक आहे. आणि चष्मा टेबलावर राहिला. आणि तहान लागलीय."

सूचीकार खाली गेले, बैठक पुढे ढकलायला सांगितलं, चष्मा घेतला, वर आले. पाण्याचा तांब्या राहिला म्हणून पुन्हा खाली, पुन्हा वर. संचालक एव्हाना टेबलाशी बसून खणांतली कार्डं चाळत होते आणि मधूनच स्वतःशी "अरेच्चा!" म्हणत होते. सूचीकार दारात उभे राहिले. मग ते वळले, एकेक पायरी सोडत शहाण्णव पायऱ्या खाली गेले, तळाच्या फरशीला हात लावला आणि तसेच वर आले. गाल लाल, केस विस्कटलेले, श्वास फुललेला.

संचालकांनी मान वर केली. "आता काय आणलंत?"

"काही नाही, सर."

"मग खाली कशाला गेला होतात?"

सूचीकारांनी डोकं खाजवलं. बराच विचार केला. त्यांना एकही कारण सापडेना, आणि ते पोट धरून हसत सुटले.